पाठ चालते, तोंड चालत न्हाई

मित्रांनो, मी एक जुना पिट्ठू आहे. पिट्ठू म्हणजे फौजी लोक पाठीवर अडकवतात ती मोठी हिरवी पिशवी. माझा हिरवा रंग आता पार विटलाय आणि पोटाला दोन भोकं आहेत. भोकं बघून हसू नका. सगळी गोष्ट त्या भोकांचीच आहे!

छावणीच्या बाजारात एका म्हाताऱ्या शिंप्यानं मला शिवलं. जाड कॅनव्हास, दुहेरी दोरा. जयराज नावाच्या नव्या जवानानं मला विकत घेतलं आणि नऊ वर्षं खाली ठेवलं नाही. बर्फ बघितला, वाळू बघितली. पंचवीस किलो घेऊन मी डोंगर चढलो. खरं म्हणजे तो चढला, मी नुसता लोंबकळलो, पण कौतुक दोघांचं व्हायचं. मग त्याला नवा पिट्ठू मिळाला. मी कडेगावजवळच्या त्याच्या गावी आलो आणि गोठ्यातल्या खुंटीवर गेलो. पोटात म्हशीची दावी आणि मेथीचं बी. उंदीर यायचे. तीन वर्षं कुणी हात लावला नाही. लय वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू.

आणि ह्या डिसेंबरात जयराज रजेवर आला!

साधीसुधी रजा नाही. बाप झाल्याची रजा, तिला साठवलेली रजा जोडून तीस दिवस. त्याची पोरगी साक्षी, घरात साकू, सहा महिन्यांची झालेली. बायको दीपमाला शाळेत शिकवते, तिची बाळंतपणाची रजा नेमकी त्याच आठवड्यात संपली. म्हणजे दिवसभर साकू जयराजकडं. पठ्ठ्यानं कागदावर टाईमटेबलच केलं. आठला दूध, नऊला अंघोळ, दहाला बाहेर. आणि खाली फिरायच्या गावांची ही लांब यादी.

फक्त साकूला कुणी विचारलं नव्हतं.

तिनं बाप बघितला होता तो फोनमध्ये, चार बोटांएवढा. त्याला बघून ती खिदळायची. हा सहा फुटी मिशीवाला दारात उभा राहिला आणि तिनं असा सूर लावला की गोठ्यात म्हशीनं वैरण सोडली. दोन दिवस हेच. तोंड दिसलं की रडं. दूध आबांनी पाजायचं, आबा म्हणजे जयराजचे वडील लालासाहेब. ते उसाकडं निघता निघता म्हणायचे, "काय रं गड्या, बॉर्डरवर दुश्मन पळतोय म्हणं तुला बघून. पोरीला कशाला पळवतूस?"

जयराज हसायचा. पण गोठ्यात येऊन म्हशीला सांगायचा, ते मी ऐकलंय. "पुढच्या सुट्टीला वर्साची हुईल गं ती. आत्ता वळखलं न्हाई तर मी कायमचा पावणाच की."

तिसऱ्या दिवशी तो दमला. साकूला अंगणातल्या बाजेवर ठेवलं आणि तिच्याकडं पाठ करून डोकं धरून बसला. रडं थांबलं! मागनं एक बारका हात आला आणि त्याचा शर्ट ओढायला लागला. तो वळला. परत रडं. त्यानं पाठ फिरवली. चूप.

"आबा!" जयराज केवढ्यानं ओरडला. "पाठ चालते, तोंड चालत न्हाई!"

आणि पळत गोठ्यात आला. माझ्याकडं!

मला गरम पाण्यात धुतलं. दोन दिवस उन्हात वाळवलं. मग शेजारच्या अख्तरबीकडं नेलं, ती गावातली शिलाईवाली. तिनं पायांसाठी दोन भोकं कापली, कडांना मऊ कापड लावलं, आत गोधडीचा तुकडा बसवला, पोरीला बांधायला पट्टी शिवली. मग माझा डावा पट्टा बोटांत फिरवून म्हणाली, "ह्यो उंदरानं खाल्लाय रं बाबा. बदलून देऊ का?"

"आवं चाची, फौजी माल हाय. तुटत न्हाई."

मीपण फुगलो. फौजी माल!

आणि निघालो की आम्ही! जिथं टॉर्च असायचा त्या खिशात डायपर, जिथं दुर्बीण तिथं दुधाची बाटली. साडेसहा किलोची साकू, डोक्याला लाल कानटोपरं. पहिल्या दिवशी गुऱ्हाळावर गेलो. कढईतनं वाफ आली तशी साकूनं पाय झाडले, माझ्या पोटात नुसता धिंगाणा! एक दिवस ताकारीवरनं रेल्वेनं लोणंद. बाजारात कांद्याचे डोंगर, साकूला सात शिंका आल्या, आणि हमाल मोजत होते. एक दिवस एसटीनं शिराळा. जयराज तिला सांगतोय, "हितली नागपंचमी श्रावणात असती गं, आता काय न्हाई, आता आपली गरम भजी." भजी त्यानंच खाल्ली. थंडी अशी की तोंडातनं वाफ निघायची आणि साकू ती मागनं धरायला बघायची.

पहिल्यांदा ती माझा पट्टा धरून बसायची. मग त्याचा कान धरायला लागली. मग मानेवर, केसांच्या खाली, गाल टेकून झोपायला लागली. लाळेनं त्याची कॉलर ओली. झोपलेलं पोर जड लागतं, ते मला सगळ्यात आधी कळायचं.

पण मला खाली उतरवलं आणि समोर तो दिसला की परत भोंगा.

रजेचे पाच दिवस राहिले तेव्हा आम्ही सागरेश्वरला गेलो. सकाळचं धुकं होतं. चढावर जयराज थांबला आणि हळूच म्हणाला, "साकू, त्ये बघ." झाडीत हरणं! आठ-दहा. एकानं टुणकन उडी मारली, साकूनंही मारली, माझ्या आत उभी राहिली म्हणा ना.

आणि माझा डावा पट्टा तुटला.

मी उजवीकडं कललो, साकू निम्मी बाहेर. मित्रांनो, त्या एका क्षणात मला बर्फ, वाळू, नऊ वर्षांचं कौतुक, काही आठवलं नाही. नुसती लाज वाटली. जयराज गर्रकन फिरला. त्यानं तिला धरलं आणि छातीशी ओढलं. मी खाली पडलो.

आता समोर तोंड! जयराजनं डोळे मिटले. "रडू नगो साकू. वळतो, वळतो मी."

ती रडली नाही. तिनं मिशीत बोट घातलं. त्याच्याकडं बघितलं. मग त्याच्या खांद्यावरनं वाकून मागं मानेला नाक लावलं, रोज झोपायची तिथं. परत तोंड बघितलं. परत मान. परत तोंड. आणि बोळकं पसरून हसली!

जयराज तिथंच वाटेत बसला, माझ्यावरच. तो हसत होता का रडत होता ते मला दिसलं नाही, मी त्याच्याखाली होतो. पण हलत होता एवढं नक्की.

संध्याकाळी दारात दीपमालानं हात पसरले. "ये गं माझी बाय." साकूनं जयराजच्या शर्टात तोंड खुपसलं.

"आवं, ही माझ्याकडं येईना की! केलंत काय?"

"काय न्हाई. पिट्ठू तुटला."

अख्तरबीनं पट्टा हातात घेतला, नुसती बघत राहिली. "काय रं, फौजी माल?" जयराजनं तिच्यासमोर दोन्ही कान धरले. मग तिनं नवा पट्टा लावला, चार शिवणी मारल्या.

राहिलेले दिवस साकू त्याच्या कडेवरच. माझं काम संपलं. थोडा जळलो, खरं सांगतो. जयराज एकटाच गेला, मला नेलं नाही. पण आता मी गोठ्यात नाही, घरात आहे, साकूच्या पाळण्यासमोरच्या खुंटीला.

रोज रात्री आठला फोन येतो. चार बोटांएवढा जयराज हसतो. साकू त्याच्याकडं बघते, मग फोन उलटा करते आणि मागं नाक लावते.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुठंतरी खुंटीला माझ्यासारखं कोणीतरी असेल. त्याला उन्हात काढा, उंदरापासून जपा, आणि पोराला पाठीवर घेण्याआधी पट्टा दोनदा ओढून बघा. फौजी माल असला तरी. जयराज उन्हाळ्यात येतोय, आणि साकू आता नऊ किलोची झालीय!