नाक्सोसच्या बोटीची फाइल

अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरावरच्या त्या बोट कंपनीचं तिकिटांचं यंत्र ऑगस्टच्या भर गर्दीत बंद पडलं, की अख्खं ऑफिस त्या यंत्राच्या, म्हणजे जुन्या मेनफ्रेम संगणकाच्या, थंडगार खोलीत गोळा व्हायचं. खाली खिडक्यांपुढे लोक बॅगांवर बसून शिव्या घालायचे आणि वर स्ताथिस उस्ताद लोखंडी कपाटाला कान लावून उभा राहायचा. यंत्र सांभाळायच्या नोकरीतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी बोलावणं त्यालाच जायचं.

"गप्प बसा," तो पुटपुटला. "बोलतंय ते. नाक्सोस बेटाच्या बोटीवर अडखळलंय बिचारं. रद्द झालेल्या केबिनवर."

तिकीटवाल्या मुलीने हातातल्या यादीशी ताडून पाहिलं. खरंच होतं. तिने छातीवर क्रूस काढला. नजर लागली आहे का ते बघायला उस्तादाने वाटीतल्या पाण्यात बोटाने तेलाचा थेंब सोडला. थेंब पसरला, म्हणजे लागली होती. त्याचे डोळे यंत्रावर काम करणाऱ्या असिमिनाकडे वळले.

"निळे डोळे. आणि दर वेळी ड्यूटीही हिचीच. यंत्राला नजर लागते हिची."

मॅनेजर पांदेलिसने बदलीचा कागद पुढे केला. कारणाच्या रकान्यात 'नजर' असं लिहिलेलं होतं. असिमिनाची रवानगी तळघरात, जुन्या कागदपत्रांकडे. तिच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि गेले आठ महिने कुणी तिच्याबरोबर कॉफी प्यायलेलं नव्हतं. गर्दी सकाळची, ड्यूटी तिची सकाळची. यंत्र गर्दीत बंद पडणार नाही तर काय सुट्टीच्या दिवशी पडणार? पण हे सांगायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

"करते सही," ती म्हणाली. "एवढंच सांगा, उस्ताद. यंत्र बंद पडताना सगळी हकीकत फाइलीत लिहून ठेवतं. तीस वर्षं मी त्या फाइली पाहिल्या. हल्ली ती जागा रिकामी का?"

"म्हातारं झालंय गं. लिहीत नाही आता. फक्त माझ्याशी बोलतं."

हेच उत्तर ऐकून ती आधीही मान डोलावून घरी गेली होती. आज तिला त्याची लाज वाटली. तिकिटं अडली होती, तरी पडदा चालू होता. ती खुर्चीत बसली आणि फाइली कुठे जातात ते तिने यंत्रालाच विचारलं. एका ओळीचा हुकूम. कुणालाही देता आला असता.

पडद्यावर एकतीस फाइली आल्या. प्रत्येकीच्या नावाच्या सुरुवातीला 'स्ताथिस'. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"म्हणजे काय?" पांदेलिसने विचारलं.

"फाइली ठेवायची जागा यांनी बदलली. आजची नऊ वाजून बारा मिनिटांनी लिहिली गेली, नऊ वाजून वीस मिनिटांनी यांच्या घरून उघडली गेली. ही बघा नोंद. नाक्सोस, केबिन, सगळं तिच्यात आहे. घरी वाचायचं आणि इथे येऊन कान लावायचा."

"आणि तेल पसरलं ते?" तिकीटवाली म्हणाली.

"घरी बोटाला साबण लावून थेंब सोडून बघ. असाच पसरेल."

उस्ताद वाटी तिथेच टाकून निघाला. कुणी त्याला अडवलं नाही.

"चला, झालं गेलं विसरा," म्हणत पांदेलिस बदलीचा कागद खिशात घालू लागला.

"नाही साहेब. आरोप लेखी होता, माफीही लेखी पाहिजे." तिचा आवाज चढला नाही. "यंत्र का बंद पडलं ते यंत्रानेच दर वेळी लिहून ठेवलं होतं. वाचायला येतं ना तुम्हा सगळ्यांना? मग आधी शोधायचं, वाचायचं. तुम्ही माझे डोळे बघत बसलात. मीही बसू दिलं."

पांदेलिसने पेन उघडलं. "काय लिहू?"

"असिमिनाने काही केलं नव्हतं, एवढंच लिहा."