सोमवारची खबर

“थांबा, कांचन कोणता? गुलाबी की पांढरा?”

“गुलाबी. पांढऱ्याला अजून आठवडा लागेल,” रिसीव्हर मान आणि खांद्यात धरून आत्या म्हणाली. शनिवारी लिहिलेला कागद तिच्या हातात होता. “काचघरात निवडुंगाला कळी आलीय. मुकादम म्हणतात दोन. मी जाऊन बघितलं, एकच आहे.”

“त्यांना चष्मा बदलायला सांगा.”

“सांगितलं. म्हणतात, बदलला तर एकच दिसेल, मग काय फायदा?”

पलीकडून हसणं ऐकू आलं आणि त्याच्या मागोमाग खोकला. खोकला थांबेपर्यंत आत्याने कागदावरची पुढची ओळ शोधून ठेवली.

आत्या म्हणजे वनस्पती-उद्यानाच्या नोंदणी विभागातली कारकून. बागेत ती कुणाचीच आत्या नव्हती. तिला खरोखर आत्या म्हणणारा भाचा दूर देशात होता आणि वर्षातून एकदा फोन करायचा. पण तो फोन एकदा तिने ऑफिसात घेतला, तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी तेच नाव बसलं. वय अठ्ठावन्न. लग्न झालं नव्हतं. आईचं आजारपण संपेपर्यंत लग्नाचं वय निघून गेलं, असं लोक म्हणत. तिने ते कधी खोडून काढलं नाही. बागेच्या मागच्याच गल्लीत तिच्या दोन खोल्या होत्या. रविवारी दिवसभर कुणाशी बोलणं व्हायचं नाही, त्यामुळे सोमवारी सकाळी पहारेकऱ्याशी बोलताना पहिला शब्द तिच्या घशात अडकायचा.

दर शनिवारी ती माळ्यांच्या मुकादमांबरोबर सगळी बाग फिरायची. काय फुललं, काय गळलं, काय रुजलं ते टिपून घ्यायची आणि ‘बागेची खबर’ म्हणून फाटकाजवळच्या फळ्यावर लावायची. फळ्याखाली ऑफिसचा फोन नंबर होता. त्यावर फोन करणारा माणूस अख्ख्या वर्षात एकच. दर सोमवारी अकराला.

पहिला फोन अकरा वर्षांपूर्वीचा. “चाकाची खुर्ची मिळते का तुमच्याकडे? बायकोला फुलं बघायचीयत,” असं विचारलं होतं. मिळते म्हटल्यावर आभार मानून त्याने फोन ठेवला. तीन आठवड्यांनी पुन्हा तोच आवाज. “ती खुर्ची ठेवली असेल काढून, तर राहू द्या. ती गेली.” आत्यासमोर त्या आठवड्याची खबर पडलेली होती. तिने ती वाचायला सुरुवात केली, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाला, “पुढच्या सोमवारी असेल का अजून?”

असेल, आत्या म्हणाली होती.

तो पंपाचा मेकॅनिक होता. गावोगावचे पाण्याचे पंप दुरुस्त करण्यात उमर गेली आणि उकिडवं बसून बसून गुडघे गेले. आता मुलाकडे तिसऱ्या मजल्यावर राहायचा. लिफ्ट नव्हती. चार वर्षांत तो खाली रस्त्यावर उतरला नव्हता. मनातल्या मनात आत्या त्याला पंपवाले म्हणायची. बोलताना नुसतं ‘अहो’.

“झाली का खबर?” पंपवाल्यांनी विचारलं.

“एकच ओळ राहिलीय. धूरवेल फुलायला लागली. तिचं दरवर्षीचंच आहे.”

“ही कोण? कधी बोलला नाहीत.”

“बोलण्यासारखं काही नसतं ना तिच्यात. पन्नास वर्षं आपल्याकडे आहे. फुलते, गळते. बी धरत नाही. आपली वेल मादी आहे. नराची वेगळी असते, ती कुठेच उरलेली नाही. आमच्या मॅडम दोन वर्षं शोधतायत.” मॅडम म्हणजे दुर्मीळ झाडांचं काम बघणारी तरुण संशोधक. “पानं राखाडी असतात तिची. दुरून बघितलं तर झाडावर धूर बसल्यासारखं वाटतं.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

“अहो, आहात ना?”

“फुलं घोसात असतात का? बारीक?”

“नराची घोसात असतात म्हणे. मी कधी पाहिली नाहीत.”

“कालव्याच्या जुन्या पंपघरावर होती एक. मोटर खोलायला आत शिरलं की डोक्यावर पिवळी भुकटी पडायची. शर्टाचे खांदे पिवळे. धुऊन निघायची नाही. बायको म्हणायची, तुम्ही मोटरी दुरुस्त करता की हळद कांडता?”

आत्याने कागद खाली ठेवला. मादीच्या फुलाला भुकटी नसते. भुकटी म्हणजे पराग.

“कधीची गोष्ट ही?”

“झाली की वीस वर्षं.”

त्याच दिवशी तिने आपल्या वेलीचं एक वाळलेलं पान पाकिटात घालून पोस्टाने, त्याच्याकडून विचारून घेतलेल्या पत्त्यावर पाठवलं. गुरुवारी फोन वाजला. सोमवार सोडून आलेला हा त्याचा पहिला फोन. “हेच पान. मागून लव आहे बघा, मांजराच्या कानासारखी.”

मॅडमचा विश्वास बसत नव्हता. “आत्या, शर्टावरच्या डागावरून कुणी वनस्पती ओळखतं का?” असं म्हणत म्हणतच तिने गाडी मागवली. मागच्या सीटवर आत्या बसली, हातात मॅडमने नंबर लावून दिलेला मोबाइल, आणि पलीकडे पंपवाले. जुन्या पाइपच्या तिसऱ्या व्हॉल्व्हनंतर उजवीकडे, मग कालव्याच्या कडेकडेने, मग एक मोडका पूल. “पूल असेल अजून, की पडला?” “पडलाय.” “मग उतरा आणि चालत जा. मी आहे लाइनवर.”

पंपघराला छप्पर उरलं नव्हतं. नव्या पाइपलाइनचा खड्डा खणत खणत भिंतीपासून चाळीस पावलांवर आला होता. यंत्र बंद होतं, माणसं जेवायला बसली होती. भिंतीची मागची बाजू राखाडी दिसत होती. मॅडम पुढे झाली आणि तिने एक घोस हळूच हलवला. तिच्या काळ्या बाहीवर पिवळं पडलं.

“काय झालं? बोला की,” मोबाइलमधून आवाज आला.

“हळद,” आत्या म्हणाली. मॅडमने मोबाइल घेतला आणि धन्यवाद काका, धन्यवाद काका, असं चार वेळा म्हटलं.

मॅडमने तिथेच उभ्या उभ्या दहा फोन केले. खणणाऱ्यांच्या साहेबाने पाच दिवस दिले, त्याहून जास्त देणं त्याच्या हातात नव्हतं. तेवढ्या दिवसांत फांद्या कापून आणल्या, मुळं धरतील म्हणून वाळूत लावल्या, पराग बाटल्यांत भरून थंड ठेवला. सहाव्या दिवशी भिंत गेली.

धूरवेलीचं मादी फूल पहाटे उमलतं आणि आठ वाजेस्तोवर मिटतं. मॅडमची बस नऊला यायची. मागच्या गल्लीत राहणारी आत्याच तेवढी जवळची. मॅडमने तिला रंगाच्या बारीक ब्रशाने पराग कसा लावायचा ते शिकवलं आणि त्यापुढच्या अकरा सकाळी आत्या स्टुलावर चढून उभी राहिली. लावून झालेल्या प्रत्येक फुलाच्या देठाला लाल दोरा बांधायचा. अकरा दिवसांत त्रेचाळीस दोरे झाले. मुकादम खाली स्टूल धरून उभे असत. “आत्या, इतक्या नाजूक हाताने तुम्ही कधी नोंदवही लिहिली नाहीत,” असं म्हणून त्यांनी एकदा तिला हसवलं आणि ब्रश हलला म्हणून बोलणीही खाल्ली.

वर्तमानपत्रात बातमी आली. सोमवारी आत्याने ती फोनवर वाचून दाखवली. ‘उद्यानाच्या संशोधकांनी अथक परिश्रमांनंतर ही वनस्पती शोधून काढली,’ असं त्यात होतं. वाचताना तिला अवघडल्यासारखं झालं.

“मी मॅडमना सांगितलं होतं तुमचं नाव. त्यांनीही दिलं होतं. छापणाऱ्यांनी गाळलं.”

“बरं झालं. पंप चालू असला की मेकॅनिकचं नाव कुणी घेतं का? नाव निघालं म्हणजे समजायचं, बंद पडलाय.” मग पंपवाले म्हणाले, “एक सांगायचं होतं. गुडघे बदलतायत माझे. पुढच्या आठवड्यात. मुलीच्या गावी मोठं हॉस्पिटल आहे, तिथे. दोन-अडीच महिने तिकडेच.”

“मग फोन?”

“तिच्या घरात माणसं फार. तिथून बोलायला नको वाटतं. तुम्ही खबर साठवून ठेवा. आल्यावर एकदम ऐकतो. नाहीतर असं करू,” आणि इथे त्यांनी घसा साफ केला, “नवे गुडघे असतील. मी उतरेन खाली. येईन बागेत. बी धरलं असेल तर दाखवा.”

“या,” आत्या म्हणाली. एवढंच. रिसीव्हर ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, की अजून काहीतरी म्हणायला हवं होतं. शस्त्रक्रिया नीट होईल, काळजी घ्या, असलं काही.

ते दोन महिने आत्याला लहान वाटले. फाटकापासून धूरवेलीपर्यंतची पावलं तिने मोजली. तीनशे दहा. नव्या गुडघ्यांना मध्ये कुठे टेकावं लागेल हे बघून तिने मुकादमांना एक बाक उचलून वळणावर ठेवायला सांगितलं. “कोण येणारंय?” त्यांनी विचारलं. “पाहुणे,” ती म्हणाली, आणि मुकादमांनी, एरवी दहा प्रश्न विचारणाऱ्या माणसाने, पुढे काही विचारलं नाही. ऊन वाढलं. त्रेचाळीस दोऱ्यांतले एकोणतीस देठ सुकून गळले. चौदा राहिले. चौदांवर आधी हरभऱ्याएवढी, मग बोराएवढी फळं धरली. मॅडमने त्यातलं एक कापून बघितलं आणि आत्याला हाक मारली. आत सहा काळ्या बिया होत्या. पन्नास वर्षांतल्या पहिल्या.

अडीच महिने झाले. तीन झाले. एका सोमवारी अकरा वाजता आत्याने मॅडमकडून पंपवाल्यांचा नंबर घेऊन आपण होऊन लावला. अकरा वर्षांत तिने कधी लावला नव्हता. नंबर बंद होता. पुढच्या सोमवारीही बंद होता. तेव्हा तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली, कपाटातली निळी साडी काढली आणि पाकिटावर स्वतः लिहिलेला तो पत्ता आठवत बसमध्ये बसली.

तीन मजले चढून तिला दम लागला. दार सुनेने उघडलं. हाताला पीठ होतं.

“मी वनस्पती-बागेतून आलेय. बाबा आहेत का घरी? आले का परत?”

सुनेने एकदा तिच्याकडे नीट बघितलं. “बाबा गेले हो. अडीच महिने झाले. तुम्हाला कळलं नाही का?” आणि मग, “या ना, आत तरी या.”

आत्या सँडल काढून आत जाऊन बसली. सुनेने पाणी आणलं. शस्त्रक्रिया चांगली झाली होती, ती सांगत होती. चार पावलं चाललेही होते, डॉक्टर खूश होते. आठव्या दिवशी सकाळी छातीत दुखलं, आणि संपलंच. आत्या पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून ऐकत होती.

“तुमचं काही काम राहिलं होतं का त्यांच्याकडे? कागद वगैरे?”

“नाही. निरोप होता. बी धरलं, एवढं सांगायचं होतं. त्यांनी दाखवलेल्या वेलीमुळे.”

“कसली वेल?”

आत्याने थोडक्यात सांगितलं. कालवा, पंपघर, पिवळी भुकटी. सुनेने मान हलवली. “असं का. आम्हाला कधी काही बोलले नाहीत. त्यांचं काही कळायचंच नाही. आता बघा, दर सोमवारी अकराला फोन करायचे. कुणाला, विचारलं तर म्हणायचे, ऑफिसात. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, आता कुठलं ऑफिस? आणि त्याच्यासाठी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे. फोनसाठी कुणी दाढी करतं का? आम्ही हसायचो त्यांना.” बोलता बोलता ती स्वतःच थांबली. “तुम्हीच का त्या, ऑफिसातल्या?”

“हो. नोंदणी विभाग,” आत्या म्हणाली.

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. सून उठली नाही. पण आत्याने पेला खाली ठेवला आणि ती उठली.

“चहा तरी घ्या.”

“नको. गाडी आहे माझी,” ती म्हणाली. गाडी दर वीस मिनिटांनी होती.

दाराबाहेर ती सँडल घालायला वाकली. नेहमी सहज लागणारं बक्कल आज भोकात बसेना. सून दार धरून उभी होती.

“हे विचारतील संध्याकाळी. कोण आलं होतं म्हणून सांगू?”

“बागेतून आल्या होत्या म्हणा.”

बक्कल अजून लागलं नव्हतं. आत्याने भिंतीला हात टेकला आणि वर न बघता म्हणाली, “तुम्ही दार लावून घ्या. मला जरा वेळ लागेल.”