तीन वर्षांचं गाऱ्हाणं

"ओ, ता मोबाइल खाली ठेवा आणि हो वासो धरा!" सुलक्षणा ओरडली. "मांडव माज्या डोक्यार येता हा, आणि तुमी थय कोणाक येस म्याडम, येस म्याडम करतास?"

गुणाजीने फोन खिशात कोंबला आणि घाईने वासा धरायला धावला तो नेमका वालाच्या वेलावर पाय देऊन. वेल मोडला. सुलक्षणाने कपाळावर हात मारून घेतला.

"म्हणे शेतकरी! शेतात पाय खय ठेवचो ता कळना नाय."

शेत म्हणजे भांडुपच्या टेकडीवर, शेवटच्या चाळीमागे, संरक्षक भिंतीला खेटून केलेले दोन वाफे. एकात वाल, एकात तांबडा माठ. टेकडीचा मुरूम असा कडक की पहार उलटी उडायची. म्हणून दर गणपतीला गावाहून परतताना गुणाजी पिशवी पिशवी करून तांबडी माती घेऊन यायचा. आपल्या मातीत काहीही उगवतं, असं तो येईल त्याला ऐकवायचा. उगवायचं ते सुलक्षणाच्या कष्टाने, पण तेवढं सांगायचं त्याच्या लक्षात राहत नसे. माघातली सकाळ होती. माठाच्या पानांवर दव होतं, आणि कांजूरच्या कचरा डेपोवरून वारा फिरला की हातातला चहाही बेचव लागत होता.

"कोण ती?" सुलक्षणाने वासा बांधता बांधता विचारलं.

"निधी म्याडम."

"कोण निधी?"

"डिग्रीवाली," गुणाजी म्हणाला, आणि तोंड वेलाकडे वळवून उभा राहिला.

गुणाजी मुलुंडच्या एका शाळेत शिपाई होता. वय शेचाळीस. घंटा वाजवायची, चार मजले बाकं चढवायची-उतरवायची आणि पहिलीतल्या पोरांच्या बुटांच्या नाड्या बांधायच्या. गुडघे आता बोलायला लागले होते. अशात मोठ्या बाईंनी एकदा त्याला बोलावून सांगितलं, "गुणाजी, आपले क्लार्क तीन-साडेतीन वर्षांत रिटायर होतायत. तुम्ही ग्रॅज्युएट झालात तर संस्थेकडे मी तुमचंच नाव टाकेन. नाहीतर बाहेरून माणूस घ्यावा लागेल."

त्या दिवसापासून क्लार्कच्या खुर्चीवरची धूळ पुसताना गुणाजी फडकं जरा जास्त वेळ फिरवू लागला. वर पंखा, समोर टेबल, आणि जिना एकदाच चढायचा. ती खुर्ची त्याला मनापासून हवी होती.

मग मोबाइलवर एक जाहिरात दिसली. एका वर्षात पदवी, घरबसल्या, परीक्षेचं टेन्शन नाही. त्याने आपला नंबर टाकला मात्र, निधी मॅडम मागेच लागली. रोज फोन. "गुड मॉर्निंग, गुणाजी सर! सर, सीट फक्त आजच्या दिवसापुरती आहे, सर!" शाळेत सगळी पोरं त्याला मामा म्हणत, मास्तर 'अरे गुणाजी' म्हणत, घरात 'ओ' म्हणत. सर म्हणणारी अख्ख्या मुंबईत ही एकच बाई. नुसतं ते ऐकायला म्हणून तो फोन उचलायचा, आणि उचलताना शर्टाची वरची गुंडी लावायचा. फोनवर गुंडी दिसत नाही हे त्यालाही कळत होतं.

संध्याकाळी प्रांजलने बापाची शाळा घेतली. ती बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती.

"बाबा, यार, बारावीनंतरची डिग्री एका वर्षात कोण देतं? आधी बघायचं ते यूजीसीची मान्यता आहे का. त्यांना विचारलंत?"

"इचारलंय ना."

"मग?"

"म्हणाली, सर, काळजीच करू नका."

"आणि टोटल फी?"

"म्हणाली, हप्त्यात होऊन जाईल, सर."

"सर म्हणाली की तुमची वाट लागते, बाबा," प्रांजल म्हणाली. "हे बघा. मुक्त विद्यापीठाचं बी.ए. तीन वर्षं. लेक्चर मोबाइलवर, रविवारी मुलुंडच्या केंद्रावर जायचं, परीक्षाही तिथेच. वर्षाची फी आपल्या गणपतीच्या गाडीखर्चापेक्षा कमी. परीक्षेची फी वेगळी असते, ती मी धरूनच सांगतेय. तुमच्या हातात वेळ आहे तोही नेमका तेवढाच."

गुणाजीने हरकती काढायला सुरुवात केली. टेकडीवर रेंज नाही. भिंतीजवळ उभं राहिलं की फुल येते, प्रांजल म्हणाली. चष्म्याचा नंबर वाढलाय. नवीन करू. रविवारी शेत असतं.

"शेत मी बगतंय," सुलक्षणा आतून म्हणाली. "तुमी नाय इलास तर वेल तरी वाचतले."

हरकती संपल्या. खरं कारण एकच होतं, आणि ते त्याने काढलंच नव्हतं. बारावीचं इंग्रजी त्याला तिसऱ्या खेपेला सुटलं होतं. आता परीक्षेला बसायचं म्हणजे शेजारच्या बाकावर शाळेतलंच एखादं जुनं कार्टं येणार, ज्याच्या नाड्या आपण बांधल्या, आणि ते भर वर्गात "मामा, तुम्ही इथे?" असं ओरडणार. ते कार्टं पास होणार आणि मामा नापास. गुणाजीला नापास व्हायची भीती वाटत होती. हे बायको-पोरीपुढे कबूल करण्यापेक्षा तो टेकडीवरून लोळत खाली गेला असता.

मग अशा वेळी टेकडीवरचा माणूस जे करतो तेच त्याने केलं. देवाला कौल लावला.

गावाच्या देवळातून आणलेला एक पाषाण टेकडीवाल्यांनी चाळीच्या टोकाला पत्र्याखाली बसवला होता. देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. हे काम वीस वर्षं गुणाजीच करत होता, आणि सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणाराही तोच. लोकांची लग्नं, नोकऱ्या, खोल्यांचे सौदे त्याने पाकळ्यांवर ठरवून दिले होते, तेही अगदी निर्मळ मनाने. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्याने डावी पाकळी तांब्यात चांगली बुडवली आणि उजवीला नुसतं बोट लावलं.

"बा देवा, एका वर्साची डिग्री घेव काय?"

उजवी पाकळी त्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आधीच खाली आली.

"उजवो दिल्यान!" तो घरी येऊन म्हणाला. "आता देवाच्या पुढे आपण कोण?"

दुपारी सुलक्षणा देवाकडे दिवा लावायला गेली आणि परत येऊन म्हणाली, "ओ, डावी पाकळी अजून चिकटान असा. पाण्यान लावलास की फेविकॉलान?"

गुणाजी कोयता घेऊन शेतात निघून गेला. कापण्यासारखं तिथे काहीच नव्हतं. देवालाही फसवता न येणारा माणूस बी.ए. कसला होणार, असं मनाशी म्हणत तो बराच वेळ वाफ्याच्या कडेला बसून राहिला.

त्या आठवड्यात टेकडीवाल्यांची वार्षिक पूजा होती. संध्याकाळी सगळ्या चाळी देवापुढे जमल्या. गुणाजीने हातात नारळ घेतला आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं. कोणाच्या घरात पाणी चढत नव्हतं, कोणाच्या पोराला दुबईला जायचं होतं, कोणाच्या सुनेचे दिवस भरत आले होते. एकेकाचं मागणं तो देवाच्या कानावर घालत गेला, आणि प्रत्येकाच्या शेवटी सगळ्या गर्दीने "व्हय म्हाराजा!" म्हणून साथ दिली. सगळं आटोपून तो नारळ खाली ठेवणार, एवढ्यात टेकडीवरची सगळ्यात म्हातारी सोनूबाय म्हणाली, "आणि तुजा काय रे झिला? वीस वर्सां दुसऱ्यांचाच मागतंस."

"माजा काय, आये. देवाक म्हायत असा."

"देवाक म्हायत असा," सुलक्षणा म्हणाली, "पण लोकांक खय म्हायत असा?" आणि पुढे होऊन तिने त्याच्या हातातला नारळ काढून घेतला.

गर्दीत कुजबुज झाली. बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायची रीत टेकडीवर नव्हती, गावातही नव्हती. "बायल गाऱ्हाणा घालतली?" मागून कोणीतरी म्हणालं.

"घालूंदे," सोनूबाय म्हणाली. "देव काय बहिरो असा? घाल गो."

सुलक्षणाने पदर खोचला. तिचा आवाज नवऱ्याचं गाऱ्हाणं वीस वर्षं ऐकून ऐकून तयार झालेला होता.

"बा देवा म्हाराजा! ह्यो तुजो गुणाजी, शेचाळीस वर्सांचो घोडो, पुन्ना शिकाक बगता रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"नापास होवच्या भियान त्याणा तुका फसवूक बगल्यान, पाकळी बुडवून लावल्यान, ती चूक पदरात घाल रे म्हाराजा!"

लोक खो खो हसले आणि हसत हसतच "व्हय म्हाराजा!" म्हणाले. गुणाजी मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता. तिला ही भीती कळली होती, आणि ती कधीपासून कळली होती कोण जाणे. त्याला लाज वाटली, आणि त्या लाजेत छातीवरचं ओझं उतरल्यासारखंही वाटलं.

"एका वर्साच्या खोट्या कागदाची बुद्धी ह्येका देऊ नको रे म्हाराजा!" सुलक्षणाचा आवाज आता चढला होता. "तीन वर्सां अभ्यासाक बसव! दर आयतवारी केंद्रार धाड! नापास झालो तर लाज नाय वाटाची, परत बसव! पण पास करशीत तेवा खरोखरचो पास कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

टेकडी दणाणली. समईची वात हलली. प्रांजल वाकून बापाच्या कानाशी आली.

"बाबा, सगळ्यांत मोठ्याने तुम्हीच ओरडलात."

गुणाजीने तोंडावर हात नेला, पण आता उशीर झाला होता. लहानपणापासूनची सवय, गाऱ्हाणं कोणाचं चाललंय हे ध्यानात यायच्या आत होकार निघून गेला होता.

"तोंडातून गेला गो," तो म्हणाला.

देवापुढे उच्चारलेला शब्द माघारी घेता येत नाही, हे वीस वर्षं अख्ख्या टेकडीला तोच बजावत आला होता.