दहा की अकरा

संस्थेच्या कार्यकारिणीत सात जण होते आणि सातांपैकी एकानेही आयुष्यात कधी धड माऊस धरला नव्हता, हे अश्वजित शहारे छातीठोकपणे सांगू शकत होता. सचिवांनी एकदा धरला होता, पण उलटा.

सानगडीजवळच्या त्या शाळेत आणि कनिष्ठ महाविद्यालयात अश्वजित एकोणीस वर्षं संगणक सहायक होता. पगार सहायकाचा, काम शिक्षकाचं. बारावीच्या पोरांना माहिती तंत्रज्ञान तोच शिकवायचा, लॅबमधले वीस संगणक तोच सांभाळायचा. कीबोर्डमधल्या मुंग्या झटकण्यापासून प्रिंटरला थापट्या मारण्यापर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात. पोरं त्याला शहारे सर म्हणत. कार्यकारिणीचे लोक नुसतं शहारे म्हणत, आणि प्राचार्य हिरालाल पटले कोण समोर बसलंय ते पाहून दोन्हीपैकी एक म्हणत. अश्वजित उलटून कधी बोलला नाही. तो फक्त मनातल्या मनात या सगळ्यांना रोज एकदा झोडून काढायचा आणि मग शांतपणे डबा खायचा.

डिसेंबरात पटल्यांनी पेपरात वाचलं, की विंडोज दहाचे अपडेट ऑक्टोबरपासून बंद झाले आणि आता सगळ्यांनी अकरा घ्यावं. पेपरात आलं म्हणजे पटल्यांना घाम फुटतोच. त्यांनी लगेच बैठक लावली.

अश्वजितने बैठकीसाठी एक पान लिहून नेलं. स्वच्छ अक्षरात, मुद्दे पाडून. आपले संगणक दहा-अकरा वर्षांचे आहेत, अकरा त्यांना स्वीकारणार नाही. जबरदस्तीने घातलं तर ते चालणार नाहीत, रांगतील. अकरा वाईट नाही, त्याच्या स्वतःच्या घरच्या लॅपटॉपवर तेच आहे. पण लॅपटॉप नवा आहे. तेव्हा फेब्रुवारीतलं बारावीचं प्रॅक्टिकल आणि नंतरची ऑनलाइन परीक्षा होईपर्यंत दहालाच हात लावू नये, इंटरनेट लागेल तेवढंच सुरू ठेवावं, आणि जूनमध्ये नवे संगणक घेऊन मग अकरावर जावं.

संस्थेचे अध्यक्ष केशवराव लांजेवार तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसले होते. त्यांनी ते पान घेतलं, वरून खाली नजर फिरवली आणि टेबलावर ठेवलं. शिपाई सुंदरबाईंनी चहा आणला तेव्हा केशवरावांनी कप त्या पानावरच ठेवला.

"दहा का अकरा, एवढंच सांग ना शहारे."

"साहेब, ते मशीनवर आहे. आपली मशीन..."

"मशीन नाई विचारून राहिलो मी. दहा का अकरा?"

"आत्ता दहा. जूनमध्ये अकरा."

केशवरावांनी घोटणं थांबवलं आणि सगळ्यांकडे पाहिलं. "लगनात कोणी दहाचा आहेर देते का जी? अकराचाच देते ना? मंग शाळेच्या पोराईले दहा कायले?"

सहा जण हसले. पटले सगळ्यांत मोठ्याने हसले आणि म्हणाले, "अकरा शुभच आहे, साहेब."

अश्वजितला वाटलं, आपण एखाद्या बैलबाजारात चुकून शिरलो आहोत. नाही, बैलबाजारात निदान जनावराचे दात तरी बघतात.

केशवरावांचा भाचेजावई राजकुमार कोपऱ्यात बसला होता. साकोलीत त्याचं मोबाइल आणि कॉम्प्युटरचं दुकान होतं. दुकान कसलं, मोबाइलला काच चिकटवायची जागा. तो पुढे सरकला. "मी घालून देतो, मामाजी. मशीन नाई मानत म्हणते, तं त्याची तरकीब आहे माह्यापाशी. सव्वीस जानेवारीले उद्घाटनच करून टाकू."

"पाच फेब्रुवारीला प्रॅक्टिकल आहे," असं म्हणायला अश्वजितने तोंड उघडलं. तेवढ्यात केशवरावांनी कप उचलला. त्याच्या स्वच्छ अक्षरांवर चहाचा गोल डाग उमटला होता. अश्वजितने तोंड मिटलं. मरा, तो मनात म्हणाला. करा काय करायचं ते. प्रॅक्टिकलची तारीख पानावर होती. ज्याला वाचता येतं त्याने वाचावी.

वीस जानेवारीला राजकुमार चपला घालूनच लॅबमध्ये शिरला. गळ्यात पेन ड्राइव्ह, कानात गाणी. संगणक अकरा नाकारत होते आणि तो त्यांच्या तपासण्या एकेक करून चुकवत होता, दारावरच्या माणसाला ढकलून लग्नाच्या पंगतीत घुसावं तसा. अश्वजित हाताची घडी घालून खुर्चीत बसून राहिला. पोरांच्या फायली त्याने आधीच आपल्या हार्ड डिस्कवर काढून घेतल्या होत्या. राजकुमारने त्याबद्दल विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

तिसऱ्याच संगणकाने मान टाकली. पडद्यावर ठिपक्यांचं चक्र फिरू लागलं ते फिरतच राहिलं.

सुंदरबाई फरशी पुसत होत्या. त्या थांबल्या. "हे असंच गोल गोल फिरते का जी, सर?"

"फिरू द्या, सुंदरबाई."

"तुमी सांगा ना त्याले."

"तो इंजिनिअर आहे. त्याला मी काय सांगू?"

आणि त्याला फार बरं वाटलं. एकोणीस वर्षांत प्रथमच संस्थेचा मूर्खपणा असा वीस पडद्यांवर, उजेडात, सगळ्यांना दिसणार होता.

सव्वीस तारखेला झेंडावंदन झाल्यावर लॅबच्या दाराला रिबीन बांधली. केशवरावांनी ती कापली, पहिल्या संगणकासमोर बसले आणि फोटोवाल्याकडे बघत बटण दाबलं. चक्र फिरू लागलं. पटले म्हणाले, "नवीन आहे ना, वेळ लागते." सचिवांनी एकदा टाळ्या वाजवल्या, मग थांबले. मग कोणीतरी खोकलं. केशवरावांचं बोट बटणावर तसंच. फोटोवाला कंटाळून खाली बसला. आत दाटीवाटीने उभी असलेली बारावीची पोरं एकमेकांना कोपरं मारत होती. बऱ्याच वेळाने संगणक बंद पडल्याचा निळा पडदा आला, तेव्हा केशवराव घाम पुसत म्हणाले, "झालं ना बाबू? चला, नाश्ता करू."

अश्वजित मागच्या भिंतीला टेकून उभा होता. हसू दाबायचा त्याने फार प्रयत्न केला नाही.

दुसऱ्या दिवसापासून लॅब म्हणजे दवाखान्याची रांग झाली. वीसपैकी सात संगणक सुरू व्हायचे, त्यांतले चार सरावाचा प्रोग्रॅम उघडला की आडवे व्हायचे. बत्तीस पोरं, तीन संगणक. पटले दिवसातून तीनदा यायचे.

"शहारे सर, काही तरी करा ना."

आता सर. "राजकुमारजींना बोलवा, सर. तरकीब त्यांची आहे."

"ते फोन नाई उचलून राहिले. काल उचलला तं म्हणे, मशिनीच डब्बा आहेत."

"ते मी लिहून दिलं होतं."

पटले मान खाली घालून जायचे, आणि अश्वजितचा दिवस चांगला जायचा. असे तीन दिवस गेले. पटल्यांचे चौदा फोन आले, केशवरावांचा एकदा निरोप आला, आणि अश्वजितने कशालाही हात लावला नाही. त्याला ठरवून वाट बघायची होती. केशवराव स्वतः चालत येतील, दारात उभे राहतील आणि शहारे सर म्हणतील. एवढंच. मग दोन दिवसांचं काम होतं.

तीस तारखेला, शुक्रवारी, शाळा सुटल्यावर तो लॅबला कुलूप लावायला गेला, तर गुंजन नाकाडे अजून आतच बसलेली. सात किलोमीटरवरून सायकलने येणारी पोरगी, कमी बोलणारी. साकोलीला क्लास लावलेल्या पोरांकडे लॅपटॉप होते, त्यांना लॅबचं फारसं काही अडत नव्हतं. हिच्याकडे घरी आईचा साधा फोन होता, तोही भाऊ घेऊन जायचा. तिच्यासमोर चक्र फिरत होतं. शेजारी वही उघडी होती आणि त्यात ती पेनाने वेब पानाचे कोड लिहीत होती. कागदावर.

"बंद कर आता. उद्या पाहू."

"सर, तीन दिवस झाले, माहा नंबरच नाई लागला." तिने वही मिटली. मग त्याच्याकडे पाहिलं. "तुमाले मालूम होतं ना?"

"काय?"

"का या मशिनीवर ते चालणार नाई म्हणून."

"मी लिहून दिलं होतं बैठकीत."

"लिहून दिलं होतं. मंग बोलले काहून नाई?"

"माझं कोणी ऐकतं का तिथं?"

"तुमी तं उद्घाटनाच्या दिवशी मागं उभे राहून हासून राहिले होते. म्या पाहिलं."

तिच्या आवाजात राग नव्हता, रडूही नव्हतं. ती दप्तर भरत होती आणि मधूनच एकदा त्याच्याकडे बघत होती. ते बघणं त्याला ओळखीचं होतं. बैठकीत बसून सात जणांकडे तो असाच बघायचा: यांच्याकडून काही अपेक्षाच नाही, अशा नजरेने. तिने सायकल काढली आणि गेली. अश्वजित कुलूप हातात धरून दारात उभा राहिला. सात मूर्खांना मोजता मोजता आपण बत्तीस पोरांना मोजायचं विसरलो, हे त्याला तेव्हा कळलं, आणि कळल्यावर त्याला स्वतःची अशी किळस आली, जशी पटल्यांचीही कधी आली नव्हती.

शनिवारी सकाळी सात वाजता त्याने लॅब उघडली. एकेका संगणकावरचं अकरा पुसून काढलं, दहा पुन्हा चढवलं, पोरांच्या फायली परत टाकल्या. रविवारी सुंदरबाई बोलावलं नसताना आल्या आणि चहा करून गेल्या. दुपारी पटले डोकावले.

"परवानगी घेतली का जी? अध्यक्ष म्हणतीन..."

"नाही घेतली."

"आता त्याईले काय सांगू मी?"

"सांगा, सगळं व्यवस्थित सुरू आहे. कोणतं सुरू आहे ते त्यांना ओळखू येणार नाही, सर. तुम्हालाही येत नाही."

एकोणीस वर्षांत तो पहिल्यांदा असं तोंडावर बोलला.  पटल्यांनी, कधी नव्हे ते, चपला बाहेर काढल्या आणि ते आत येऊन खुर्चीत बसले.

सोमवारी अठरा संगणक चालू होते. गुंजनला पहिला नंबर दिला. तिने मान हलवली, काम सुरू केलं. प्रॅक्टिकल झालं, परीक्षाही झाली. राजकुमारने दुकानाबाहेर उद्घाटनाचा फोटो लावला, आणि केशवरावांनी गॅदरिंगच्या भाषणात पोरांना अकराचं महत्त्व दहा मिनिटं समजावून सांगितलं. अश्वजितने ते ऐकलं, पण या वेळी त्याला हसू आलं नाही.

मेमध्ये निकाल लागला. क्लासवाल्या पोरांना माहिती तंत्रज्ञानात नव्वदच्या वर. गुंजनला एकाहत्तर, बाकी सगळ्या विषयांत त्यापेक्षा जास्त. ती आईला घेऊन मार्कलिस्ट न्यायला आली. आईने, शकुंतलाबाईंनी, सगळ्या सरांना पेढे वाटले आणि अश्वजितसमोर येऊन थांबल्या.

"पोरगी म्हणते, त्या मशिनी तुमीच सुधरवल्या, सर. सुट्टीच्या दिवशी येऊन."

अश्वजितने पेढा हातात घेतला. "आधी मीच बिघडू दिल्या होत्या, बाई. मला थांबवता आलं असतं."

शकुंतलाबाईंना ती सरांची थट्टा वाटली. "काय बोलता जी सर!" म्हणत त्या मनापासून हसल्या आणि त्यांनी आणखी एक पेढा त्याच्या तळहातावर ठेवला. गुंजन मागे सायकलला टेकून उभी होती. ती हसली नाही. तिने मार्कलिस्टची घडी केली, आईला म्हणाली, "चाल, ऊन होऊन राहिलं," आणि फाटकाकडे वळली.