धुतलेले बटाटे

रुग्णालयाच्या धुलाईखान्यात तो बावीस वर्षं कामाला होता. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले. डाग दिसला की त्याचा हात आपसूक पाण्याकडे जाई. बायको म्हणायची, "यांना साबणाची वडीच करायचं देवाच्या मनात होतं, चुकून माणूस झाले."

भाजीपाला हा तिचा प्रांत. रुळांपलीकडे नगरपालिकेने वाटून दिलेल्या तुकड्यांतला एक तिच्याकडे होता. तिथं ऊन म्हणजे येतो म्हणून न येणारा पाहुणा. सदा भिजपाऊस, आणि दोन हिवाळ्यांच्या मध्ये जेमतेम तीन महिने मोकळे. तेवढ्यात लावायचं, वाढवायचं, काढायचं. लोकांच्या बटाट्यांची पानं करप्याने आठवड्यात काळी पडत; तिची पडत नसत. तिच्या आईकडून आलेलं बियाणं होतं ते, जांभळ्या कोंबांचं. दरवर्षी त्यातले चाळीस ती पुढच्या लावणीला राखून ठेवी. शेजारच्या तुकड्यावरचा निवृत्त पोस्टमन आठ वर्षं त्यातले चार मागत होता.

"मागा, मागा," ती म्हणायची. "मागणाऱ्याला देव देतो म्हणतात. पण मी कुठे देव आहे?"

त्या वर्षी लावणी तिने केली आणि काढणीच्या तोंडावर छातीच्या दुखण्याने अंथरूण धरलं. चार नंबरच्या वॉर्डात तिला ठेवलं. त्या वॉर्डाचं गाठोडं खाली आलं की तो ते स्वतः सोडी. चादरींवरचे खोकल्याचे लाल ठिपके दर दिवशी वाढत होते. कोणाच्या चादरीवरचे, हे त्याला कोणी सांगावं लागत नव्हतं.

"अहो, हिम पडायच्या आत बटाटे काढा," ती म्हणाली. "खायचे निघतील तेवढे निघोत. बियाण्याचे चाळीस मात्र नीट ठेवा. आईचं तेवढंच उरलंय माझ्याकडे."

"ठेवतो गं. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

नीट म्हणजे कसं, ते सांगणार तोच तिला खोकला आला. त्यानेही विचारलं नाही.

चारला पाळी सुटे, पाचला भेटीची वेळ सुरू होई, आणि ती संपेपर्यंत अंधार. हातात असायचा तो मधला एक तास. चार दिवस त्याने पावसातच खणलं. बटाटे कसले, चिखलाचे गोळेच निघत होते. घरी आणून त्याने निवडून चाळीस बाजूला काढले. मऊ ब्रशने घासून, तीन पाण्यांतून काढून, अंड्यांसारखे लखलखीत केले. मग कोऱ्या अभ्र्यांत बांधून कपाटात ठेवले. इतक्या मायेने त्याने कधी काही धुतलं नव्हतं. मायेपोटी झालेली चूक देव पोटात घालतो. माती घालत नाही.

आठवड्याने एक बटाटा खिशात घालून तो तिला दाखवायला गेला. तिने त्यावरून अंगठा फिरवला.

"धुतलात?"

"तीन पाण्यांतून!"

"सगळे?"

"मग? चाळीसच्या चाळीस. तुझ्या आईचं बियाणं काय चिखलात ठेवू?"

तिने डोळे मिटले. मग हळूच हसली. "माझंच चुकलं. जन्मभर डाग काढणाऱ्याला सांगायला हवं होतं. माती त्यांचं पांघरूण असतं हो. या ओल्या हवेत धुऊन कोंडले की कुजतात."

तो ताडकन उठला.

"बसा. पोस्टमनभाऊंना मी गेल्या साली दहा दिलेत. तुम्ही चिडवाल म्हणून बोलले नाही. लावणीला त्यांच्याकडून मागून घ्या."

"देवाशपथ?"

"देवाला कशाला मध्ये ओढता? पाणी द्या जरा."

त्याच्या छातीवरची धोंड उतरली. घरी जाऊन कपाट उघडलं तर आंबूस वास आला. अकरा लिबलिबीत झाले होते. उरलेले त्याने कागदावर पसरले. रोज दोन-तीन फेकावे लागत. नऊ राहिले तेव्हा ती गेली.

तिची शेवटची चादर दुसऱ्या दिवशी खाली आली. सहकारी म्हणाला, "दादा, सोड, मी टाकतो यंत्रात." त्याने दिली नाही. हातानेच धुतली.

नऊ बटाटे तसेच कागदावर पडून होते. ते नीट पुसून, कोरड्या जागी हलवले असते तर त्यातले चार-पाच नक्की तगले असते. पण पोस्टमनकडे दहा सुखरूप होते ना. खोलीला वास येतो म्हणून त्याने कागदासकट सगळे गुंडाळून कचऱ्यात टाकले.

बर्फ वितळल्यावर तो रुळांपलीकडे गेला. पोस्टमन वाफे करत होता.

"भाऊ, हिने तुम्हाला दिलेल्या बियाण्यातले थोडे द्याल?"

"वहिनींनी? आणि मला?" पोस्टमन खो खो हसला. "अहो दादा, आठ वर्षं मागून मागून जीभ झिजली माझी! सालसुद्धा दिली नाही त्यांनी. कोण म्हणालं असं?"

"तीच म्हणाली. शेवटी शेवटी."

पोस्टमनचं हसू विझलं. त्याने फावडं टेकवून ठेवलं, टोपी काढून पुन्हा घातली.

"थांबा, थांबा. दिले होते की! माझी मेली आठवणच अशी." तो लगबगीने अवजारांच्या खोपटात गेला आणि मातीने माखलेले दहा बटाटे घेऊन आला. "हेच ते. घ्या."

ते घेताना त्याने एक उलटा केला. कोंब पांढरे होते. पाऊस पुन्हा धरला होता. असल्या बटाट्यांची पानं इथे करप्याने आठवड्यात काळी पडतात, हे त्याला ठाऊक होतं.

"हेच," तो म्हणाला. "उपकार झाले, भाऊ."

तासाभराने पाळीवर जायचं होतं. तो तिच्या तुकड्यात ओणवा झाला आणि दहाही बटाटे एकेक करून मातीत लावले. एकही पुसला नाही. काम झाल्यावर हात पाण्याकडे गेले, ते त्याने मागे घेतले आणि तसेच मळके खिशात घातले.