दुसरी पेटी

आंबिवलीच्या अंगणात माझ्या सासऱ्यांची सातेरी मधमाश्यांची पेटी आहे. ते दिवाळीनंतर गेले आणि पेटी सासूबाईंकडे, लक्ष्मीआईंकडे आली. मी मानपाड्याहून दर रविवारी लेकीला, श्रियाला, घेऊन जाते. पेटी उघडायची असली की तिला जाळीच्या दाराआड बसवते आणि सारखी वळून बघते. माशी चावली तर लहान मुलांना काय काय होऊ शकतं, हे मी नको तेवढं वाचलंय.

फेब्रुवारीत पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्यासारखी राणीघरं, नव्या राण्या वाढतात ती, लोंबायला लागली. म्हणजे आत गर्दी झालेली. आता जुनी राणी अर्धं घर घेऊन उडणार. गेल्या वर्षी सासऱ्यांच्या आजारपणात वाटणी, म्हणजे अर्ध्या माश्या दुसऱ्या पेटीत घालणं, राहिली, तेव्हा थवा शेजारच्या टॉवरच्या गॅलरीत जाऊन बसला. तिथल्या लोकांनी फवारणी करून सगळा मारला. आईंना ते पुन्हा नको होतं. यांची एकसुद्धा माशी मरू देणार नाही, म्हणाल्या. मग आम्ही दोघींनी वाटणी केली. जुनी राणी जागेवरच ठेवली, राणीघरांच्या चौकटी माश्यांसकट दुसऱ्या पेटीत घातल्या.

ही दुसरी पेटी लांब न्यावी लागते. जवळ ठेवली तर उडत्या माश्या ओळखीच्या जागी, जुन्या पेटीतच परत जातात. सासरे ती टिटवाळ्याला रवींद्रकाकांच्या वाडीत पाठवायचे. आईंना वाटायचं, माणूसच उदार, देऊन टाकतो. मी समजावलं, माझ्या नवऱ्याने, कमलेशने, फोनवरून समजावलं. त्यांचं एकच, ही पेटी बाळंतीण, आणि बाळंतीण सव्वा महिना उंबरा ओलांडत नाही. श्रियाच्या वेळी तुला नव्हतं ठेवलं? ठेवलं होतं, आणि मला ते बरंही वाटलं होतं. त्यांनी नव्या पेटीला हळदकुंकू लावलं आणि ती खिडकीखाली, जुनीच्या शेजारीच मांडली.

पंधरा दिवसांनी झाकण काढलं तर आत गुणगुणच नाही. अळ्यांना ऊब द्यायला पुरतील एवढ्या माश्याच उरल्या नव्हत्या. चौकटीवर मुंग्या फिरत होत्या. जुन्या पेटीत मात्र बोट शिरायला जागा नव्हती, आणि कडेला पुन्हा राणीघरं.

"राणी झालेली?" आईंनी विचारलं.

खोटं बोलावंसं वाटलं. पण ती तळाशीच पडली होती, चार मेलेल्या माश्यांमध्ये, लांबुडकी, कोवळी.

"झालेली," मी म्हटलं.

त्यांनी तिला तळहातावर घेतलं आणि तोंडाजवळ नेऊन गरम श्वास सोडत राहिल्या. पंख हलले की त्या थांबायच्या, बघायच्या. पंख त्यांच्याच श्वासाने हलत होते.

"मीच मारली गो," त्या म्हणाल्या.

तुम्हाला कुठे माहीत होतं, असं मी पुटपुटले. दोनदा सांगितलेलं आम्हा दोघींनाही आठवत होतं.

त्याच संध्याकाळी पुन्हा वाटणी केली. पेटीच्या तोंडाला जाळी ठोकली, रिक्षा बोलावली. श्रियाला आईंकडे ठेवलं. मी पेटी उचलणार, तेवढ्यात त्यांनी वाकून झाकणाला कान लावला.

"लांब ठेवायला सांग रवींद्रला," त्या म्हणाल्या. "कुठं हाय ते मना सांगू नको. नायतर मी बगायला जाईन."

रिक्षात पेटी मांडीवर घट्ट धरून मी मागे बघितलं. श्रियाला कडेवर घेऊन त्या उभ्या असतील, असं वाटलं होतं. दार केव्हाच लोटलेलं होतं.