चित्तस्थिर महाराजांचा अंगारा

गुरुवारची संध्याकाळ होती आणि मंगळवार पेठेतल्या त्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध पाटावर अंबादास बसला होता. पुढ्यात सूप, सुपात तांदूळ आणि मोहरी एकत्र कालवलेली. चार हलगीवाले त्याच्या कानाशी हलग्या बडवत होते आणि हा गडी मान वर न करता मोहरी वेगळी काढत होता. बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या.

"बघा पावणं, बघा!" चित्तस्थिर महाराज गरजले. "ह्यो अंबादास. चाळिशीला आला, पर चित्त म्हंजे वारं प्यालेलं वासरू! चार कारखान्यांनी हाकलला. आमचा अंगारा पोटात गेला आणि वासरू दाव्याला आलं का न्हाय? अणुशक्ती हाय ह्यात, अणुशक्ती! अमेरिकेला गावली न्हाय ती तुमच्या पेठंत मिळतीया!"

शेणीच्या राखेत अणुशक्ती कुठल्या वाटेनं शिरली, हे विचारायला माझी जीभ नुसती वळवळत होती. मी विज्ञानाचा मास्तर. एकोणऐंशी साल चालू होतं, आणि माझ्याच जुन्या विद्यार्थ्यांचे बाप हात जोडून उभे होते.

पण एक गोष्ट मला खटकत होती. अंबादास खरंच सुधारला होता. तो माझा शेजारी, लेथ मशीनवरचा कारागीर. हात सोन्याचा, पण माप घेतलं की विसरायचा, चालू मशीन सोडून चहाला जायचा, अर्धं काम टाकून दुसरंच हाती घ्यायचा. एका बोटाचं पेर असंच गेलं. लहानपणी बापानं बडवला, पुढं मालकांनी शिव्या घातल्या. आता तोच माणूस दिवसभर मशीनपुढं उभा राहून एकही जॉब बिघडवत नव्हता. ढोंग मी ओळखतो. हे ढोंग नव्हतं.

गाल मात्र बसले होते. भाकरी ताटात तशीच राहायची, रात्री डोळ्याला डोळा लागत नसे. महाराजांकडं उत्तर तयार होतं, "भूक मेली? अरं, तुझ्या जागी देव जेवतोय!" देवाचं पोट भरत होतं आणि अंबादासची हाडं वर येत होती.

आमच्याकडं अंगारा एकट्यानं घेत नाहीत. देवाचं म्हटलं की घरात सगळ्यांच्या तळहातावर चिमूट पडलीच पाहिजे. अंबादासची बायको बाळाबाई रोज सकाळी नवऱ्याला द्यायची, मग सासूला, शेवटी चिमूटभर स्वतः घ्यायची. सासू झुंबरबाई काळजाची अधू, दोन पायऱ्या चढली तरी धापा टाकणारी. अंगारा सुरू झाला आणि म्हातारी उठून अंगण झाडायला लागली. घरात आनंदीआनंद. एकादशी आली तेव्हा बाळाबाईनं मायेनं चिमटीऐवजी चमचाभर दिला.

दुपारी ती माझ्या दारात किंचाळत आली. "मास्तर, आत्याबाईंचं काळीज बघा कसं उडतंय!"

रिक्षानं राजारामपुरीत डॉक्टर नंदिनीताईंकडं नेलं. मनोविकारांचं मुंबईत शिकून आलेल्या, पण म्हातारीचे हाल बघून त्यांनी हातातलं सगळं सोडलं. उपयोग झाला नाही. झुंबरबाई तिथंच गेल्या.

"काय दिलं होतं यांना?"

"काय न्हाय ओ ताई. नुसता अंगारा."

ताईंनी पुडी मागून घेतली. राख मलमलीच्या फडक्यातून गाळली. फडक्यावर एक पांढरा तुकडा उरला, मधोमध सरळ रेघ असलेला.

"मास्तर, देवाच्या राखेला रेघ कशाला हवी? गोळी अर्धी मोडायची खूण आहे ही." त्यांनी तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. "उत्तेजक गोळ्या आहेत. परीक्षेला पोरं जागायला घेतात त्या. झोप उडवतात, भूक मारतात, काळीज पळवतात. हे अधू काळीज पळून पळून थांबलं."

दुसऱ्या दिवशी महाराज सांत्वनाला अंबादासच्या घरी आले. "म्हातारीला मोक्ष मिळाला," म्हणाले. "तेरावं झालं की अंगारा वाढवून घ्या."

पुढच्या गुरुवारी आम्ही मांडवात गेलो. फडकं ताईंनी आणलं होतं, पण ते बाळाबाईनं हिसकून घेतलं. सासूच्याच लुगड्याचा पदर तिनं फाडून आणला होता. महाराजांच्या परातीतली राख तिनं सगळ्यांसमोर गाळली. खडे उरले. पांढरे, रेघेचे.

"श्रद्धा न्हाय म्हणून राखंचे खडे झाले!" महाराज ओरडले.

"मग हे मूठभर खडे तुम्ही खा," ताई म्हणाल्या. "तुमची तरी श्रद्धा असेल."

हलग्या थांबल्या. महाराजांनी खडे परातीत लोटले आणि मागच्या खोलीकडं सरकले. तिथंच, ताईंनी आधी कळवून ठेवलेल्या पोलिसांना गोळ्यांची बरणी आणि खलबत्ता सापडला. तरी निम्मी गर्दी घरी जाताना म्हणत होती की डॉक्टरांचा धंदा बसला, म्हणून हा कावा.

अंगारा सुटला आणि अंबादास पुन्हा भरकटला. मालकानं शेवटची ताकीद दिली. ताईंपुढं बसून तो म्हणाला, "अंगारा खोटा, मग माझं डोकं खरं कसं थाऱ्यावर आलं?"

ताईंनी त्याचं सगळं बालपण विचारून घेतलं. "आळस नाही, पाप नाही, करणी नाही," त्या म्हणाल्या. "तुझ्या मेंदूची ठेवणच अशी आहे, जन्मापासून. मुलांमध्ये हा आजार आम्ही ओळखतो. काहींचा तो मोठेपणीही राहतो, असं आता कुठं लिहिलं जातंय. या गोळीनं इतरांना नुसती तरतरी येते, तुझं मन जागेवर येतं. महाराजाला ते माहीत नव्हतं. त्याला आयता नमुना मिळाला."

"आईला जिनं मारलं, ती गोळी मी खाऊ?"

"तिला न मोजता, न तपासता दिली म्हणून ती गेली," ताई म्हणाल्या. मग त्याचं काळीज तपासलं, रक्तदाब बघितला, वजन केलं. अर्धी गोळी, सकाळी, पोटभर जेवल्यावर. दुपारनंतर नाही. दर आठवड्याला दाखवायचं. मानवली नाही तर बंद. आणि हा काही चमत्कार नाही, माप लिहून ठेवायची सवय त्याची त्यालाच लावावी लागेल.

पहिल्या सकाळी अंबादासनं मला बोलावून घेतलं. एकट्याला धीर होत नव्हता. त्यानं भाकरी खाल्ली, रेघेवर गोळी मोडली, पाण्याबरोबर अर्धी गिळली. उरलेली अर्धी हातात होती, आणि शेजारी बसलेल्या बाळाबाईचा तळहात रोजच्या सवयीनं पुढं आला.

"हे वाटायचं न्हाय गं," अंबादास हळू म्हणाला आणि अर्धी गोळी त्यानं बाटलीत टाकली.

बाळाबाईनं तो हात पदराखाली लपवला आणि सासू गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडली. मला तिच्याकडं बघवेना.

तिचा दोष नव्हता. लोकहो, गुण आला एवढ्यावर थांबू नका. त्यात काय आहे, माप किती, कुणाला द्यायचं नाही, हे देणाऱ्याला तोंडावर विचारा. जो सांगत नाही त्याच्या हातचं खाऊ नका, मग तो महाराज असो नाहीतर डॉक्टर. झुंबरबाईंनी विचारलं नाही. सुनेनं मायेनं पुढं केलेला हात होता, त्याला कोण विचारतं?